चार वेळा ‘नवीन’

मे १९७७, सोमवार. जून १९७७, गुरुवार. त्याच जूनचा अखेरचा मंगळवार. जुलै १९७७, शुक्रवार. ऑगस्ट १९७७, बुधवार. नेमक्या तारखा माझ्याजवळच्या कागदांवर आहेत आणि मागेल त्याला मी त्या दाखवीन. येथे वार देतो, कारण या प्रकरणातला अपराध वारांच्या आडूनच घडला आहे.

जबाबदार व्यक्ती अशा. पहिल्या चार वारांचे चार डॉक्टर. त्या चौघांच्या वर बसणारे, मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या अस्थिविभागाचे तेव्हाचे प्रमुख. नोंदणीच्या खिडकीतला कारकून, ज्याच्या हातात शिक्का होता. आमच्या दिवाणी न्यायालयाचे तेव्हाचे नाझर, ज्यांच्या हाताखाली बेलिफ काम करीत. आणि पाचव्या वारासाठी, म्हणजे बुधवारसाठी, मी स्वतः. माझे नाव शेवटी लिहिले याचा अर्थ माझा दोष सर्वांत लहान असा कोणी लावू नये. माझ्या दोषाचा निकाल लागून गेला आहे, म्हणून तो शेवटी आहे. बाकीच्यांची सुनावणी अजून व्हायची आहे.

नागपूरच्या दिवाणी न्यायालयात मी एकवीस वर्षे बेलिफ होतो. बेलिफ म्हणजे कोर्टाचे पाय. न्यायाधीश समन्सवर सही करतात, पण ते समन्स प्रतिवादीच्या हातात पडेपर्यंत न्यायाला सुरुवात होत नाही. माणूस घरी नसेल तर शोधायचा, पुन्हा जायचे, आणि खरोखरच सापडत नसेल तरच दोन साक्षीदारांसमक्ष कागद दारावर चिकटवायचा. मग परत येऊन प्रतिज्ञेवर लिहून द्यायचे की मी अमक्या ठिकाणी गेलो, अमके पाहिले, अमके केले. दिवाणी प्रक्रिया संहितेचा पाचवा आदेश मला पाठ होता, आणि त्यातल्या प्रत्येक शब्दासाठी मी चाललेलो होतो. सायकल होती, पण सायकल रस्त्यापर्यंत नेते. जिने, बोळ, शेतांचे धुरे आणि नाले पायांनीच ओलांडावे लागतात.

छप्पन साली, ऐन विशीत, मी पांढरे कपडे घालून लाखोंच्या त्या दीक्षेच्या मेळाव्यात आईवडिलांसह उभा होतो. पाच शीले घेतली. त्यांतले चौथे खोटे न बोलण्याचे आहे. त्याच वर्षी थंडीत नोकरी लागली आणि पहिल्याच अहवालाच्या वेळी जुन्या लिपिकाने विचारले, “शपथ कोन्या देवाची घेता?” मी म्हणालो, “देवाची नाही, प्रतिज्ञेवर.” तो हसला. “मंग खोटं लिवाले मोकळे तुम्ही!” तेव्हापासून माझ्या मनात एक हट्ट बसला, की या कोर्टात प्रतिज्ञेवर लिहिलेला माझा एकही अहवाल कधी खोटा निघता कामा नये. वीस वर्षे निघाला नाही. माझ्यापाशी जपण्यासारखे एवढेच होते. पुढे जे सांगणार आहे ते सारे या एका गोष्टीबद्दल आहे.

सत्त्याहत्तरच्या जानेवारीत उजवी टाच दुखू लागली. सकाळचे पहिले पाऊल सर्वांत वाईट: खाटेवरून उतरून फरशीवर टाच टेकली की खालून खिळा वर घुसावा तसे होई. दहा-वीस पावलांनंतर कळ बोथट होई, दुपारी रामदासपेठेतले दोन-तीन जिने चढले की पुन्हा धार धरी. बायकोने रुईचे पान आणले. वीट चुलीत तापवायची, तिच्यावर पान ठेवायचे आणि टाच शेकायची. दोन महिने रोज संध्याकाळी मी शेकत बसलो आणि सकाळी पुन्हा चालायला निघालो.

“अवो, काहून चालून राहिले तुम्ही एवढं?” ती म्हणे. “सायबाले सांगा ना, पाय दुखते म्हनून.”

“पाय दुखणे ही सबब नाही.”

“मंग मेल्यावर सबब होईन काय?”

मेमध्ये न्यायालयाला उन्हाळी सुट्टी लागली. सुट्टीतही बेलिफांची पाळी असते. पण एक सोमवार मोकळा मिळाला आणि मी रुग्णालयात गेलो.

आता तेथील पद्धत सांगतो, कारण पुढचा सारा अनर्थ तिच्यातून झाला. अस्थिविभागाची कामाच्या वारांनुसार युनिटे केलेली होती. सोमवारी येणारा रुग्ण सोमवारच्या युनिटचा, गुरुवारी येणारा गुरुवारच्या. प्रत्येक युनिटचे डॉक्टर वेगळे, रजिस्टर वेगळे, कपाट वेगळे. एका युनिटला दुसऱ्याच्या कपाटाची किल्ली नसे. केसपेपर चौदा दिवस चाले. त्यानंतर आलात, किंवा दुसऱ्या वारी आलात, तर खिडकीतला कारकून नवा केसपेपर फाडी आणि त्याच्या डोक्यावर जांभळा शिक्का मारी: ‘नवीन’.

विभागाच्या दारात पायताण काढावे लागे. आत दगडी फरशी होती आणि बसायला बाक एकच. त्या सोमवारी मी अनवाणी टाचेवर दोन तास उभा होतो. माझ्यापुढे कापडगिरणीतला एक कामगार होता, गुडघा बांधलेला. दाराबाहेरच्या चपलांच्या ढिगाकडे पाहून तो मोठ्याने म्हणाला, “वा रे वा! पायाचा दवाखाना, अन् पायातलंच बाहेर ठेवा म्हनते!” सगळी रांग हसली. मीही हसलो. आज त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. माझ्या चपलेची उजवी टाच झिजून पातळ झाली होती, खालचा खिळा वर डोकावत होता, आणि चार फेऱ्यांत एकाही डॉक्टरने ती चप्पल पाहिली नाही. पुरावा दाराबाहेर पडून होता.

सोमवारच्या डॉक्टरांनी अंगठ्याने टाच दाबली. मी ओरडलो. ते म्हणाले, “हाड वाढलं आहे. इंजेक्शन देतो, मोकळे व्हाल.” टाचेत सुई जाताना काय होते ते ज्याने भोगले त्याला सांगायला नको. पण आठ दिवसांनी मी खरोखरच मोकळा चाललो. तीन आठवडे मी त्या डॉक्टरांना मनोमन दुवा दिला.

मग कळ परतली. जूनमध्ये न्यायालय उघडले होते. नाझरांनी रजा दिली ती गुरुवारी, कारण सोमवारी समन्सांचा ढीग निघतो. खिडकीवर मी सोमवारचा जुना केसपेपर पुढे केला.

“हे चालत नाई. चौदा दिवस होऊन गेले. अन् आज गुरुवार आहे.”

“पण पूर्वी इंजेक्शन दिलेले आहे, त्याची नोंद—”

“तुमचं नाव बोला भाऊ, मागं लाइन पाहा.”

शिक्का पडला. आत गेल्यावर मी पुन्हा सांगू पाहिले. परिचारिकेने जुना कागद माझ्याच हातात परत दिला. “हा दुसऱ्या युनिटचा आहे, खिशात ठेवा.” मी खिशात ठेवला. कागदाने चालणाऱ्या खात्यात वीस वर्षे काढलेला माणूस मी. आमच्याकडे चुकीच्या दप्तराचा कागद कोणी पुढे केला तर आम्हीही परत करतो. नियम म्हणजे नियम, हे मला त्यांच्याहून जास्त कळत होते, आणि म्हणूनच मी गप्प राहिलो. रांगेतला गिरणीकामगार असता तर भांडला असता. मी भांडलो नाही. गुरुवारच्या डॉक्टरांनी टाच दाबली, म्हणाले, “हाड वाढलं आहे,” आणि माझ्या आयुष्यातले दुसरे पहिले इंजेक्शन दिले.

महिनाअखेर मंगळवार, तिसरे. जुलैत शुक्रवार, चौथे.

या शुक्रवारी मी इंजेक्शनासाठी गेलोच नव्हतो. पावसाळ्यात बाहेरगावच्या फेऱ्या जड जात होत्या, म्हणून मी नाझरांकडे दोन महिने कचेरीतले बैठे काम मागितले होते. नाझर वाईट माणूस नव्हते, पण त्यांची जीभ वाईट होती. सगळ्या कचेरीसमोर म्हणाले, “काय गा, आता काय तुयावरच समन्स काढा लागते, कोर्टात येवाले?” मग हळू आवाजात, “सरकारी डॉक्टरचं सर्टिफिकेट आन. त्याबिगर माया हातात काही नाई.” ते मागायला मी गेलो. शुक्रवारच्या डॉक्टरांनी केसपेपरचे डोके पाहिले.

“तुमची पहिलीच भेट आहे ही.”

“चौथी आहे, डॉक्टरसाहेब.” मी खिशातून तीन कागद काढले.

त्यांनी ते हातात घेतले नाहीत. “ते त्या त्या युनिटला दाखवा. आमच्याकडे तुम्ही नवीन आहात. पहिल्या भेटीत आम्ही बैठ्या कामाचं सर्टिफिकेट देत नाही. इंजेक्शन घ्या, बरे व्हाल.” आणि कागदावर लिहिले: कामावर जाण्यास योग्य.

हे वाक्य मी न्यायालयात अनेकदा वाचले आहे, पण त्या दिवसाइतके निर्दय कधी वाटले नाही. चार कागदांनी मिळून जे सिद्ध झाले असते, ते प्रत्येक कागदाने एकेकटे नाकारले होते.

दहाव्या दिवशी रामदासपेठेतल्या एका जिन्यावर, समन्स बजावून उतरताना, टाचेखाली काहीतरी तुटले. ओली सुतळी ताणून तुटावी तसा बारीक आवाज मी स्वतः ऐकला. पायरीवरच बसलो. वरून ज्याच्यावर समन्स बजावले तोच गृहस्थ खाली आला आणि त्याने मला पाणी दिले. दुसऱ्या दिवसापासून तळपायाची कमान खचत गेली. आता टाच टेकली की मांसाच्या गादीशिवाय हाड थेट जमिनीला लागे.

आणि माझ्याजवळ ‘कामावर जाण्यास योग्य’ असा शिक्कामोर्तब झालेला कागद होता.

आता बुधवार. हे लिहिताना कोणाची दया मागत नाही.

बेस्याच्या एका विधवेवर तिच्या दिराने दावा लावला होता, राहत्या घरावर आणि संत्र्याच्या एका लहान बागेवर. तेव्हाचे बेसा म्हणजे शहराच्या दक्षिणेला काळ्या मातीतले खेडे. ऑगस्टमध्ये त्या मातीत सायकलचे चाक फिरत नाही. ती रस्त्यावर ठेवून पुढे चालावे लागते, आणि दर पावलाला शेरभर चिखल पायाला येतो. मी सकाळी निघालो. सक्करदऱ्याच्या तलावापर्यंत सायकल रेटली. तेथे उतरून टाच टेकली आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तलावाच्या काठावर मी तासभर बसलो. समन्स कोरडे राहावे म्हणून छातीशी धरले होते. पुढे जाणे शक्य नव्हते. परत जाऊन ‘पायामुळे जाऊ शकलो नाही’ असे लिहिले तर नाझर विचारणार: योग्य असल्याचे सरकारी डॉक्टर सांगतात, आणि तू नाही म्हणतोस?

मी परत फिरलो. वाटेतल्या पानठेल्यावर दोन ओळखीच्या माणसांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. त्यांनी कागद वाचलाही नाही. आणि कचेरीत बसून मी प्रतिज्ञेवर लिहिले: ‘प्रतिवादीच्या घरी समक्ष गेलो. दारास कुलूप होते. शोध घेता प्रतिवादी मिळून आली नाही. सबब समन्सची प्रत दारावर चिकटविली.’ आमच्या खात्यात हे वाक्य इतके रुळलेले आहे की लिहिताना हात अडत नाही. माझाही अडला नाही, याचीच मला आजवर लाज वाटते.

त्या रात्री बायको वीट तापवू लागली तेव्हा मी नको म्हणालो. तिला वाटले, पाय बरा आहे.

त्यानंतरच्या महिन्यात पदरचे पैसे खर्चून मी रामदासपेठेतल्या एका वृद्ध खाजगी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिल्यांदा माझी चप्पल मागवली. मग चारही केसपेपर टेबलावर ओळीने लावले. तारखा वाचल्या.

“दहा-अकरा आठवड्यांत चार? एकाच टाचेत? कोणी दिली?”

“चौघांनी.”

“एक ठीक. दुसरं देताना मी दहादा विचार केला असता. ह्यानं आतली गादी विरघळते, तळव्याखालचा पट्टा कुजतो. तुमचा तुटला आहे.” त्यांनी शिक्क्यांवर बोट ठेवले. एक, दोन, तीन, चार. “तुम्ही हे कागद त्यांना दाखवले नाहीत?”

“दाखवले. त्यांनी पाहिले नाहीत.”

“ओरडून दाखवायचे होते हो,” ते म्हणाले, आणि मऊ टाचेच्या बुटासाठी मोचीला चिठ्ठी लिहून दिली. पायाला यापुढे होण्यासारखे तेवढेच होते.

बेस्याच्या दाव्यात प्रतिवादी हजर न राहिल्याने एकतर्फी हुकूमनामा झाला. हुकूमनामा झाल्याचे त्या बाईला कळले ते दीर माणसे घेऊन घराच्या दारात उभा राहिला तेव्हा. तिने अर्ज केला: समन्स मिळालेच नाही. अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्याआधी त्या अर्जाची सुनावणी लागली आणि साक्षीदार म्हणून मला बोलावले गेले. वीस वर्षे इतरांना ज्या पिंजऱ्यात आणले त्यात मी उभा राहिलो. उजवी टाच उचलून, कठड्याला धरून.

आधी त्या बाईची साक्ष झाली होती. तिच्या वकिलाने विचारले होते, त्या दिवशी दाराला कुलूप होते का. तिने न्यायाधीशांकडे पाहून सांगितले, “सायेब, मायाघरी बांबूच्या तट्ट्याचं दार आहे. त्याले कडीकोंडाच नाई, तं कुलूप कायले लागन?”

कोर्टात कोणीतरी हसले. मी नाही.

मग वकील माझ्याकडे वळले. “बेलिफ, तुम्ही कुलूप पाहिलंत?”

दिराच्या वकिलाने आदल्या दिवशी मला बाहेर गाठून सांगितले होते, “फक्त ‘आठवत नाही’ म्हणा. एवढ्या वर्षांत किती दारं पाहिली असतील तुम्ही.” त्याने कायद्याच्या दृष्टीने बरोबर सांगितले होते. ‘आठवत नाही’ म्हटल्याने बेलिफाची नोकरी जात नाही.

मी म्हणालो, “नाही. मी कुलूप पाहिले नाही. मी दार पाहिले नाही. मी बेस्याला गेलोच नाही. माझा अहवाल खोटा आहे.”

न्यायाधीशांनी लेखणी ठेवली. “कारण?”

मी चार केसपेपर काढले. न्यायाधीशांनी ते हातात घेतले आणि पाहिले. त्या कागदांकडे पाहणारा तो पहिला सरकारी माणूस. पाहून झाल्यावर त्यांनी परत दिले. “हे तुमच्या पायाचं कारण आहे, तुमच्या अहवालाचं नाही.” ते बरोबर बोलले. हे वाक्य मी आजही स्वतःला ऐकवतो.

हुकूमनामा रद्द झाला. चौकशी होऊन मला बेलिफपदावरून उतरवले आणि निवृत्तीपर्यंत अभिलेखागारात शिपाई म्हणून बसवले. खटला भरला नाही, ही न्यायाधीशांची कृपा. बाईला घर परत मिळाले. पण मधल्या थंडीत दिराने बागेतली फळाला आलेली झाडे तोडून टाकली होती, आणि संत्र्याचे झाड निकालपत्राने उभे होत नाही. निकालाच्या दिवशी व्हरांड्यात ती माझ्यासमोर थांबली. मी मान खाली घातली. तिने माझ्या पायाकडे पाहिले.

“पाय दुखत होता तं सांगाचं होतं, भाऊ,” ती म्हणाली. “कोनाजवळ निरोप धाडला असता, तं मीच आली असती कागद घ्याले.”

गेली नऊ वर्षे हे वाक्य माझ्या टाचेखाली आहे.

अभिलेखागारात मला एक गोष्ट रोज दिसते. आमच्याकडे दाव्याला एकच क्रमांक असतो. वादी मेला, प्रतिवादी मेला, वकील बदलले, अपील झाले, तरी सगळे कागद एकाच सुतळीत. मेलेल्या माणसाचे भांडणसुद्धा आमच्या कपाटात एकसंध राहते. मग जिवंत माणसाच्या एका टाचेचे कागद एका इमारतीत एकत्र का राहू शकत नाहीत? हा प्रश्न मी रुग्णालयाला पत्राने विचारला. एकदा नव्हे, दर वर्षी. पहिल्या पत्राला उत्तर नाही. दुसऱ्याला ‘संबंधित विभागाकडे पाठविले’. तिसऱ्याला पोच. पुढे एकदाच खरे उत्तर आले; ते मी जसेच्या तसे देतो: ‘आपण नमूद केलेल्या चार नोंदी चार स्वतंत्र नवीन रुग्णांच्या असून, त्या एकाच व्यक्तीच्या असल्याचे या कार्यालयाच्या दप्तरावरून दिसून येत नाही.’

म्हणजे मी चार माणसे होतो. चौघांनाही एकेक इंजेक्शन मिळाले, चौघेही कामावर जाण्यास योग्य होते, आणि चौघांपैकी कोणाचीही टाच तुटली नाही.

विभागप्रमुख महोदय, आपण निवृत्त झालात. गेल्या महिन्यात आपला जाहीर सत्कार झाला आणि आपल्या शिस्तीची वाखाणणी झाली, असे मी वर्तमानपत्रात वाचले. वारांची ती पद्धत आपण बसवलेली होती. त्या चार डॉक्टरांना मी आपल्याइतका दोष देत नाही, त्यांच्या हातात एकच कागद येत होता. चारही कपाटांच्या किल्ल्या फक्त आपल्याकडे होत्या.

माझे म्हणणे एवढेच आहे. मी खोटे लिहिले, आणि त्याचे उत्तर उघड्या न्यायालयात, माझ्या तोंडाने, ज्या बाईचे नुकसान झाले तिच्यासमोर दिले. ‘दप्तरावरून दिसून येत नाही’ या वाक्याच्या आड मला लपता आले असते. ‘आठवत नाही’ म्हणजे तेच. मी लपलो नाही. आता आपली पाळी आहे. एका टाचेत चार ‘पहिली’ इंजेक्शने कोणत्या नियमाने दिली गेली, आणि ती पद्धत आज बंद आहे की चालू, याचे उत्तर आपण द्यावे. मला खाजगी पत्र नको. ज्या वर्तमानपत्रात सत्काराचा वृत्तान्त आला त्याच वर्तमानपत्रात, आपल्या नावानिशी, छापून.

बेस्याच्या त्या बाईला वाचता येत नाही. आपले उत्तर छापून आले की तो कागद मी स्वतः घेऊन जाईन, तिच्या दारात उभा राहून वाचून दाखवीन आणि तिच्या हातात देईन. तिथवर मी चालू शकेन की नाही, याची काळजी आपण करू नये. उत्तर द्या.